होरीचा कंटाळा कोणाला येतो?

अभिजात म्हणून गाजलेल्या कादंबऱ्या वाचून निर्भीडपणे प्रतिक्रिया देणारा एक नवा वाचकवर्ग आज दिसतो. थोरामोठ्यांनी डोक्यावर घेतले म्हणून आपणही घ्यावे, हे त्याला मान्य नाही. त्याचे हे स्वातंत्र्य स्वागतार्हच आहे. साहित्यातील पोथीनिष्ठा समाजवाद्यांना प्रिय असण्याचे कारण नाही. परंतु प्रतिक्रिया देणे निराळे आणि प्रतिक्रियेलाच न्यायनिवाडा समजणे निराळे. ‘मला भिडली नाही, सबब ती कालबाह्य’ हा युक्तिवाद बाजारातून आलेला आहे. ग्राहक हा राजा, असे अर्थशास्त्राची क्रमिक पुस्तके शिकवतात. साबणाच्या वडीपुरते ते मान्य करू. कादंबरीच्या दारात मात्र राजेपणाची वस्त्रे उतरवूनच जावे लागते.

प्रेमचंदांची ‘गोदान’ ही १९३६ सालची कादंबरी घ्या. तिच्यावर नवे वाचक दोन आक्षेप हटकून घेतात. एक, ती कंटाळवाणी आहे, तेच ते पुन्हा पुन्हा येते. दुसरा, नायक होरी नेभळट आहे. तो उठून उभा का राहत नाही?

पहिला आक्षेप आधी तपासू. अवधमधील बेलारी गावचा हा शेतकरी मंगरू साहूकडून बैलासाठी ६० रुपये घेतो. पाच वर्षांत ६० फेडतो, तरी ६० उभेच. दातादीन पंडिताकडून ३० रुपये घेऊन बटाटे लावतो. बटाटे चोर खणून नेतात आणि तीन वर्षांत तिसाचे १०० होतात. चक्रवाढीने हिशेब मांडला तर हा दर सालाला शेकडा ४९च्या घरात जातो. पुढे ऊस साखर कारखान्यावर जातो, १२० रुपये येतात. झिंगुरीसिंग तेथेच आपले येणे कापून २५ होरीच्या हातावर ठेवतो आणि ते २५ जमीनदाराचा कारकून नोखेराम घेऊन जातो. वाचकाला येथे पुनरुक्ती दिसते. वास्तविक कर्जाचा स्वभावच पुनरुक्तीचा आहे. मुद्दल जागचे हलत नाही, व्याज फिरून फिरून दाराशी येते. हे ज्याला चार घटकांत वेगाने सांगायचे असेल, त्याने अहवाल लिहावा. त्या चक्रात माणसाचे आयुष्य कसे दळले जाते हे दाखवायचे तर चक्र फिरतानाच दाखवावे लागते. वाचकाला दोन दिवस जो कंटाळा येतो, त्यात होरीने जन्म काढला.

दुसऱ्या आक्षेपात तर वाचकाचे अपुरे वाचनच उघडे पडते. होरीला विचारायचे सारे प्रश्न त्याची बायको धनिया कादंबरीभर विचारतेच आहे. विधवा झुनियेला सून म्हणून घरात घेतल्याबद्दल पंच १०० रुपये रोख आणि ३० मण धान्य दंड ठोकतात, तेव्हा धनियाच पंचांना खडे बोल सुनावते. होरी मान खाली घालून धान्य वाहून देतो. त्याच्या या शरणागतीचा, त्याने धनियावर उचललेल्या हाताचा वाचकाला संताप यावा, हे योग्यच आहे. पण तो संताप प्रेमचंदांनी आधीच धनियाच्या तोंडी घातला आहे. तिला वगळून ज्यांना लेखक जुनाट वाटतो, त्यांनी निम्मी कादंबरी वाचलेली नसते.

शहरी भाग उगाच जोडला आहे, अशी तक्रार तर जाणते समीक्षकही करतात. त्यांना इतकेच विचारावे, की होरीचा ऊस गाळणाऱ्या कारखान्याचा चालक खन्ना राहतो कोठे?

आणि कालबाह्य म्हणजे काय? ‘गोदान’मध्ये होळीला गावची पोरे झिंगुरीसिंगाचे सोंग आणतात. दहा रुपयांचा कागद लिहून घेऊन ठाकूर कुळाच्या हातावर पाच ठेवतो. उरलेले नजराणा, लिखाई, कागद, दस्तुरी आणि व्याज यांत वळते होतात. कूळ म्हणते, हे पाचही ठेवा, मालक, तुमच्या उत्तरकार्याला धरून! मोबाइलवरून कर्ज देणाऱ्या काही कंपन्या ‘प्रक्रिया शुल्क’ आधीच कापून उरलेली रक्कम ऋणकोच्या हाती ठेवत आल्या आहेत. डिजिटल कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेला २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. नजराण्याचे नाव बदलले, एवढेच. आमच्या मराठी वाचकाला तर हे अवधकडून शिकण्याचीही गरज नसावी. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, ती याच दुखण्यापायी.

म्हणून वाचकाने प्रतिक्रिया जरूर द्यावी, पण दिल्यावर तेथेच थांबू नये. मला कंटाळा का आला? होरीची चीड आली, मग मंगरू साहूची तितकीच का आली नाही? हे प्रश्न जो स्वतःला विचारील, तोच खरा आधुनिक वाचक. आयुष्यभर एका गाईची आस धरलेला होरी रस्त्यासाठी खडी खोदताना उन्हाने कोसळतो. तो मरू लागतो तेव्हा धनियाजवळ सुतळी विकून आलेले वीस आणे असतात. तेच ब्राह्मणाच्या हातावर पडतात, तेच त्याचे गोदान. हे वाचून ज्याला कादंबरी संथ वाटली, त्याने एकदा ते वीस आणे मोजून पाहावेत.