महागडी पावडर आणि पोत्यातला खवट कोंडा

कामशेतच्या एका ताईंनी मला विचारलं, "दादा, कोंबड्यांना अँटिऑक्सिडंटची पावडर सुरू करू का? अंडं दोन रुपयांनी महाग जाईल म्हणतात." शंभर कोंबड्या, बचत गटाचं कर्ज. म्हणजे प्रश्न पावडरचा कमी, हप्त्याचा जास्त.

माझं उत्तर होतं, आत्ता नको.

पावडर खोटी नाही. खाद्यात व्हिटॅमिन ई आणि सिलेनियम वाढवलं की ते बलकात उतरतं. एप्रिल-मेच्या उन्हात कोंबडी धापा टाकते, खाणं कमी करते, कवच पातळ पडतं, तेव्हा ई आणि सी व्हिटॅमिनचा आधार होतो. पण ताईंच्या शेडमध्ये कोपऱ्यात गिरणीतून आणलेला इंद्रायणीचा कोंडा होता. मूठभर घेऊन वास घेतला, खवट! कोंड्यात तेल असतं आणि गिरणीतून निघाल्यावर ते लवकर बिघडतं. खवट तेल खाद्यातलं व्हिटॅमिन ई संपवतं. डब्यातून विकतचं घालायचं आणि फुकटच्या कोंड्याने ते खाऊन टाकायचं, हा कसला धंदा?

त्यात आपला पाऊस. लोणावळ्यात जुलैमध्ये चपलांनासुद्धा बुरशी येते, तिथे मक्याचं काय! बुरशीच्या मक्यात, शेंगपेंडीत अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते कोंबडीचं लिव्हर खराब करतं, अंडी घटतात. तेव्हा पोती फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. पावसाळ्यात आठवड्यापुरतंच खाद्य भरा.

आता हिशोब. एक कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाते. शंभर कोंबड्यांना महिन्याला 330 किलो. समजा पावडरमुळे किलोमागे 2 रुपये वाढले, तर 660 रुपये. लेअरच्या कोंबड्यांनी महिन्याला 2,400 अंडी दिली तर अंड्यामागे साडेसत्तावीस पैसे. ताईंकडे गावठी वाण आहे, 1,500 अंडी मिळाली तरी खूप. तिथे तेच 44 पैसे. आणि गिऱ्हाईक दोन रुपये जास्त देईलच, हे कोणी लिहून दिलंय का?

सिलेनियम तर घमेल्यात हाताने मिसळायची वस्तूच नाही. टनाला ग्रॅमपेक्षाही कमी लागतं, जास्त झालं तर विष. तयार प्रीमिक्सच घ्या, तेही पशुवैद्यकांना विचारून.

बलक केशरी दिसला म्हणजे अँटिऑक्सिडंट भरपूर, असंही नाही हं. रंग पिवळ्या मक्याने, झेंडूच्या अर्कानेही येतो. लॅबचा रिपोर्ट हातात नसताना ट्रेवर "व्हिटॅमिन ई युक्त" छापू नका. खाद्यपदार्थांवरच्या दाव्यांसाठी एफएसएसएआयचे 2018चे नियम आहेत.

माझीच चूक सांगतो. दुकानात मी अंड्यांचे ट्रे काचेजवळ मांडायचो, दुपारचं ऊन थेट त्यावर. एका बंगल्यावरून तक्रार आली, अंडं फोडलं की पांढरा भाग पाण्यासारखा पसरतो. मी शेतकऱ्याला फोन करून खूप बोललो. नंतर कळलं, उष्णतेत अंडं लवकर शिळं होतं आणि पांढऱ्याचा घट्टपणा जातो. दोष माझ्या काचेचा होता. ट्रे आत सावलीत हलवले, त्यावर अंडी गोळा केल्याची तारीख लिहायला लागलो. त्या शेतकऱ्याची माफी मागायला मात्र मला दोन महिने लागले.

ताईंनी कोंडा बंद केलाय. पावडरचा विषय आम्ही मार्चमध्ये, ऊन तापायच्या आधी, पुन्हा काढणार आहोत.