जंबो बॅगेवरचे चार आकडे वाचा

अकलोली, वज्रेश्वरी, गणेशपुरीच्या मंडळींनो, भिवंडीच्या गोदामांत हमालीला किंवा टेम्पोवर जाणारं कुणी घरात असेल तर हे त्याला वाचून दाखवा. त्याच्या शेठनेही वाचलं तर बरं.

जंबो बॅगेतला माल धोकादायक असेल तर समोरासमोरच्या दोन बाजूंना शंकरपाळ्यासारखा टोकावर उभा चौकोन हवा, बाजू निदान १० सेंटीमीटरची. शेजारी मालाचं नाव आणि ‘यूएन’ लिहून चार आकडे. कॉस्टिक सोडा फ्लेक्सचे आकडे १८२३, वर्ग ८, म्हणजे कातडी जाळणारा माल. पावसाळ्यात बॅग फाटली की तो हवेतला ओलावा ओढून चिकट होतो, पाणी पडलं की तापतो. आग लागली तर बंबवाल्यांना हे आधी कळायला हवं. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूत बंदरात स्फोटाआधी आग विझवायला गेलेल्या जवानांना गोदामात २,७५० टन अमोनियम नायट्रेट असल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं.

अशा मालाच्या बॅगेवर ‘१३एच’ असलेली ओळ असते. बॅग धोकादायक मालासाठी तपासलेली आहे, याची ती खूण. जहाजाने जाणाऱ्या मालाचं लेबल तर तीन महिने समुद्राच्या पाण्यात राहूनही वाचता आलं पाहिजे, असा नियम आहे. मार्करने लिहिलेला कागद सेलोटेपने चिकटवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

खरी गोची जुन्या बॅगांची आहे. नवा माल भरला आणि जुनं लेबल तसंच राहिलं तर ते लेबल खोटं बोलतं. ते काढा नाहीतर पूर्ण झाका. आणि साफ न केलेली रिकामी बॅग नियमाने भरलेलीच धरतात, तिचं लेबल तसंच ठेवायचं. भंगारात स्वस्त मिळते म्हणून तीत भात किंवा गुरांचा कोंडा भरू नका. आतलं लायनर काढलं तरी शिवणीत पूड उरते.

ड्रायव्हरभाऊ, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मालाची लेखी माहिती देणं पाठवणाऱ्यावर बंधनकारक आहे. ती मागायला लाजू नका. गाडीवर तीन ठिकाणी माहितीफलक हवा, त्यावर आपत्कालीन फोन नंबरही. चलनावर नुसतं ‘पावडर’ लिहिलं असेल तर गाडी भरू देऊ नका. माल सांडलाच तर वारा जिकडून येतो त्या बाजूला लांब उभे राहा, १०१ किंवा ११२ लावा आणि जागा सांगितली की लगेच ते चार आकडे सांगा.