पहिला पेला कोण देतो ?

सन २०२४ च्या मे महिन्यांत पुण्याच्या कल्याणीनगर भागांत एका भरधाव मोटारीनें दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तेव्हां साऱ्या महाराष्ट्रांत खळबळ उडाली. मोटार चालविणारा मुलगा १७ वर्षांचा होता. बाल न्याय मंडळानें त्यास जामीन देतांना ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. पुढें रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांसहि अटक झाली. प्रकरण न्यायालयांत गेलेलें असल्यामुळें कोणाच्या दोषादोषाविषयीं लिहिण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. परंतु त्या निबंधावर जितकी शाई खर्च झाली तिचा दशांशहि एका साध्या प्रश्नावर खर्च झाला नाहीं. अपघातापूर्वीं हा मुलगा मद्यगृहांत बसला होता असें पोलिसांचें म्हणणें आहे, व त्याबद्दल मद्यगृहवाल्यांनाहि अटक झाली होती. ज्या राज्यांत बीअरला २१ वर्षांची व कडक मद्यास २५ वर्षांची वयोमर्यादा आहे, तेथें मिसरूड न फुटलेल्या मुलांस मद्यगृहांत बसून ऐटीनें मागणी करण्याचें धैर्य येतें तरी कोठून ?

हें धैर्य एका रात्रींत येत नाहीं. गटारीच्या दिवशीं बैठक जमते व तींत बर्फ आणून देण्याचें काम घरांतील बारा वर्षांच्या मुलाकडे असतें. डिसेंबरच्या ३१ तारखेस गच्चीवर काकामामांची मेजवानी होते आणि कोणी तरी थट्टेनें म्हणतो, ‘‘चाखून बघ रे, मोठा झालास आतां.’’ लग्नाच्या वरातींत तर कोण काय पितो हें पाहण्यास कोणासच सवड नसते. गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ रंगभूमीवर येऊन शंभरांहून अधिक वर्षें झालीं. त्यांतील सुधाकर शिकलासवरलेला वकील आहे, आणि त्याच्या हातीं पेला देणारा तळीराम हा कोणी परका ठक नसून त्याच्याच पदरचा कारकून आहे. आमच्या घरांतहि तळीराम बहुधा ओळखीचाच असतो. कित्येकदां तो मुलाचा सख्खा काका असतो, आणि लिहावयास संकोच वाटतो, पण कधीं कधीं बापहि.

आमच्या वाचकांपैकीं किती जणांनीं सन २०१५ चा बाल न्याय अधिनियम उघडून पाहिला असेल याची आम्हांस शंका आहे. त्याच्या ७७ व्या कलमाप्रमाणें वैद्याच्या आज्ञेवांचून १८ वर्षांखालील मुलास मद्य, अंमली पदार्थ किंवा तंबाखूचा पदार्थ देणारा मनुष्य ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड यांस पात्र होतो. ‘‘देणारा’’ म्हणजे कोणीहि. त्यांत बापास सवलत ठेवलेली नाहीं. ७८ व्या कलमांत मद्य वाहून नेण्याच्या कामीं मुलाचा उपयोग करणाऱ्यास तीच शिक्षा सांगितली आहे. हीं कलमें शब्दशः लावावयाचीं म्हटलें, तर पोराला कोपऱ्यावरच्या दुकानांत बाटली आणण्यास धाडणारे किती प्रतिष्ठित गृहस्थ बाहेर राहतील हें सांगणें कठीण. १९४९ च्या दारूबंदी कायद्याअन्वयें पिणाऱ्यास परवाना लागतो, आणि मुलांस कायदा शिकविणाऱ्या कित्येक वडिलांच्या खिशांत तो नसतो, ही गंमत वेगळीच !

यावर एक उत्तर सुशिक्षितांकडून ठराविक मिळतें. ‘‘बाहेर चोरून पिण्यापेक्षां आमच्या देखत घोटभर घेतलेली बरी; संयम शिकेल.’’ युक्तिवाद ऐकण्यास गोड आहे, म्हणूनच तो पारखून घ्यावयास हवा. ऑस्ट्रेलियांत सुमारे १९०० मुलामुलींवर सहा वर्षें लक्ष ठेवून केलेला अभ्यास सन २०१८ मध्यें प्रसिद्ध झाला. आईबापांनीं मद्य दिल्यानें मुलांचें रक्षण होतें असें त्यांत मुळींच दिसलें नाहीं; उलट ज्यांस घरांतून मिळालें त्यांस पुढें बाहेरूनहि मिळण्याचा संभव वाढला. अमेरिकेंत १९९० नंतरच्या दशकांत झालेल्या एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष तर अंगावर कांटा आणणारा आहे. ज्यांनीं १४ व्या वर्षीं किंवा त्याआधीं पिण्यास आरंभ केला त्यांपैकीं शेंकडा ४० हून अधिक लोक पुढें केव्हां ना केव्हां व्यसनाधीन झाले. ज्यांनीं विसाव्या वर्षानंतर आरंभ केला त्यांत हें प्रमाण शेंकडा १० च्या आसपास होतें. सगळाच फरक केवळ वयाचा नसेल, स्वभाव व घरची स्थिति यांचाहि त्यांत वांटा असेल. तथापि मेंदूचा विवेक करणारा भाग पंचविशीपर्यंत पक्व होत असतो हें शरीरशास्त्रज्ञ सांगतात, आणि अर्धवट भाजलेल्या मडक्यांत पाणी भरून पाहण्याचा हट्ट कोणी शहाणा करीत नाहीं.

मग आईबापांनीं करावें काय ? मारहाण हा उपाय नव्हे. तिनें मुलगा खोटें बोलण्यांत तेवढा तरबेज होतो. प्रवचन हाहि नव्हे. त्याचें तो मित्रांत नकला करून हंसें करतो. आइसलंड या चिमुकल्या देशांत १९९८ सालीं १५-१६ वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ४२ मुलें गेल्या महिन्यांत झिंगेपर्यंत प्यालों असें सांगत होतीं; २०१६ पर्यंत हें प्रमाण शेंकडा ५ वर आलें. तेथें काय केलें ? मुलांनीं रात्रीं ठराविक वेळेनंतर एकटें हिंडूं नये असा नियम झाला; खेळ व संगीत यांच्या वर्गांस सार्वजनिक पैशाची मदत मिळाली; आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें म्हणजे एका शाळेच्या पालकांनीं एकत्र बसून लेखी करार केले कीं, आमच्यापैकीं कोणाच्याहि घरीं मुलांस मद्य मिळणार नाहीं. ‘‘सगळ्यांचे वडील परवानगी देतात, तुम्हीच देत नाहीं,’’ हें मुलांचें ब्रह्मास्त्र त्या एका कागदानें निकामी झालें. आपल्याकडे भिशीच्या सभा वेळेवर भरतात, सोसायटीच्या पाण्यावरून रात्रीं बारापर्यंत वाद चालतो. मुलाच्या चार मित्रांच्या बापांस मात्र आम्ही तोंडानेंहि ओळखत नाहीं. मुलगा घरीं येईपर्यंत जागें राहून दार स्वतः उघडावें, दिलेल्या पैशाचा हिशेब सहज विचारावा, रात्रींचें जेवण एकत्र घ्यावें, यांत कसलें आलें आहे मानसशास्त्र ? मात्र त्यासाठीं दुकान एक तास आधीं बंद करावें लागतें, आणि तेथेंच आमचें घोडें अडतें.

दुकानाचा विषय निघालाच आहे, तर व्यापारी बंधूंस एक गोष्ट स्पष्ट सांगणें प्राप्त आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्यें बाहेर आला. दारू, गांजा, अफू इत्यादि सर्वांत मोठ्यांचा भरणा अधिक. परंतु हुंगण्याच्या नशेंत मात्र मुलांचें प्रमाण शेंकडा १.१७ व मोठ्यांचें ०.५८ आढळलें. ही नशा मद्यगृहांत मिळत नाहीं. पंक्चर काढण्याचें सोल्यूशन, खाडाखोडीचें पांढरें द्रव्य, थिनर यांची ती विक्री आहे, आणि ती सायकलवाला, कागदवाला व रंगवाला करतो. शाई खोडण्यासाठीं मुलास एक बाटली पुष्कळ दिवस पुरते. रोज दोन घेणारा मुलगा काय खोडतो हें गल्ल्यावर बसलेल्यास कळत नाहीं असें म्हणणें म्हणजे स्वतःच्या व्यवहारबुद्धीचा अपमान करणें आहे. शाळेच्या शंभर यार्डांत तंबाखू विकूं नये हा २००३ चा कायदा, २०१२ ची गुटखाबंदी, २०१९ ची ई-सिगारेटबंदी, हे सर्व निर्बंध टपरीच्या फळीखालून कसे वाहून जातात हें आम्ही येथें सांगण्याची गरज नाहीं.

सरकारचेंहि वर्तन असेंच दुटप्पी आहे. संविधानाचें ४७ वें कलम मद्यनिषेधाचा प्रयत्न करा म्हणतें, आणि तिजोरी अबकारीच्या हजारों कोटींवर डोळा ठेवून बसते. जोतीराव फुले पुणें नगरपालिकेचे सभासद असतां १८८० सालीं शहरांत वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनीं तक्रार केली होती. पेढी बदलली, गिऱ्हाइकें तींच आहेत. पण सरकार सुधारेपर्यंत आमचीं मुलें पंधराचीं पंधरावर थांबणार नाहींत.

आतां राहिलीं तीं घरें, जेथें उशीर झाला आहे. तेथें पहिली धांव असते झांकण्याकडे. मुलगी असेल तर मग विचारूंच नये. तिच्या लग्नाच्या चिंतेंत तिचा जीव दुय्यम ठरतो. वकील या नात्यानें या आईबापांस एक कलम सांगतों. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यांत ६४ (अ) हें कलम आहे. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य सरकारी वा मान्य संस्थेंत आपण होऊन उपचारास गेला व ते त्यानें पुरे केले, तर त्याच्यावरील खटला चालत नाहीं. उपचार अर्धवट टाकल्यास मात्र हें संरक्षण काढून घेतां येतें. पुण्यांत डॉ. अनिल व डॉ. सुनंदा अवचट यांनीं १९८६ सालीं सुरू केलेल्या मुक्तांगणासारख्या संस्था व्यसनी माणसास गुन्हेगार न लेखतां रोगी मानतात. ज्यांच्या मुलाच्या खिशांत एमडीची पुडी सांपडली आहे, त्यांनीं ती गटारांत टाकून गप्प बसण्यापूर्वीं, किंवा ठाण्यांतील ओळख काढण्यापूर्वीं, प्रथम डॉक्टर गांठावा. आमच्याकडे नंतर यावें.