गाणी कुणाच्या मालकीची?

नांदेड–हिंगोली मार्गावरील वारंगा फाट्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाच्या मोबाइलमध्ये आज लाखो गाणी वाजू शकतात. मात्र वर्गणी भरूनही त्यांतील एकही त्याच्या मालकीचे होत नाही. ही सोय स्वस्त आहे, कॅसेटीप्रमाणे फीत अडकण्याचे वा बुरशी चढण्याचे भय तीत नाही, हे मान्यच करावयास हवे. परंतु मार्च २०२३ मध्ये करार संपताच झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून नाहीशी झाली. २०२४ मध्ये रेसो आणि विंक या सेवाच बंद पडल्या. वर्गणीदाराला विचारले कोणी?

प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. १९५७ च्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो आणि ते सर्वांचे होते. पण तोवर कुणी प्रतच जपली नसेल, तर त्या हक्काचा उपयोग काय? बालगंधर्वांची नाट्यपदे आज ऐकावयास मिळतात, त्यात जुन्या तबकड्या सांभाळणाऱ्या संग्राहकांचा वाटा मोठा आहे.

तेव्हा वर्गणी खुशाल भरावी. मात्र जिवाभावाची गाणी विकत घेऊन ठेवावीत, आणि गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी पुस्तकांशेजारी ध्वनिमुद्रणांसाठीही एक कपाट राखावे. शासनाने त्यासाठी अनुदान द्यावे.