भिंत दुसऱ्याची, फोटो आपला

मध्यंतरी दहिसरला मावसबहिणीकडे गेले होते. पूर्वेला तिची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आणि बिल्डरकडून मिळणाऱ्या भाड्यावर ही मंडळी सध्या पश्चिमेला, नदीच्या बाजूला एका फ्लॅटमध्ये राहताहेत. घर छान, हवेशीर. तरी आत शिरल्यापासून काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. चहा घेताना लक्षात आलं, भिंतींवर काहीच नाही. कालनिर्णयसुद्धा फ्रिजच्या दाराला लोहचुंबकाने अडकवलेलं! आणि तिच्या सासऱ्यांचा मोठा फोटो कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला.

"करारात लिहिलंय, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. ठोकला तर डिपॉझिटमधून कापणार," ती म्हणाली. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. श्राद्धाच्या दिवशी तो फोटो खाली उतरतो, खुर्चीवर बसतो आणि संध्याकाळी परत वर जातो. दोन वर्षं असंच चाललंय.

हा फक्त मुंबईचा प्रश्न नाही, मैत्रिणींनो. तालुक्याच्या गावी बदली होऊन आलेली शिक्षिका, नर्स, बँकेतली मुलगी, सगळ्यांना घरमालकीण पहिल्याच दिवशी हेच सांगते. मग "आपलं घर झालं की लावू" म्हणत लग्नातला फोटो, मुलीने काढलेलं चित्र, आईने विणलेलं तोरण ट्रंकेत पडून राहतं.

खरं तर भिंत न दुखवता चित्र टांगणं आपल्याला नवं नाही. कित्येक जुन्या चाळींत आणि वाड्यांत दाराच्या उंचीवर भिंतभर एक लाकडी पट्टी असायची. घरातले सगळे फोटो तिच्यावरून दोरीने सोडलेले, जरा पुढे झुकलेले. राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचली (१८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला तो छापखाना पुढे मळवलीला गेला), ती अशाच भिंतींवर. फोटो बदलला, वाढला, तरी नवीन भोक पाडायची गरज नाही. सिमेंटच्या सपाट भिंती आल्या आणि ती पट्टी गेली, खुंटी गेली, कोनाडाही गेला.

दहिसरहून पश्चिम रेल्वेने तसंच उत्तरेला गेलं की डहाणू. तिथल्या वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक सवाष्णी थेट भिंतीवरच काढत, तांदळाच्या पिठाने. जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रं कागदा-कापडावर आणली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भिंतीवरचं चित्र असं सुटं झालं म्हणून तर आज ते आपण विकत आणून टांगू शकतो. पण टांगायचं कशावर, हा प्रश्न आपल्याकडेच राहिला!

तर आधी भिंत ओळखा. जुन्या विटांच्या भिंतीत खिळा जातो, पण प्लास्टरचा पोपडाही घेऊन येतो. नव्या टॉवरमध्ये मिवान पद्धतीच्या भिंती सबंध काँक्रीटच्या, तिथे खिळा वाकतो आणि हातोडी बोटावर बसते. हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या भिंतीत खिळा लोण्यासारखा जातो आणि तसाच बाहेरही येतो.

मग चिकटपट्ट्या. 'कमांड' नावाने मिळतात तशा, खालचं शेपूट ओढून काढायच्या पट्ट्या चांगल्या, पण त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. ही पट्टी भिंतीला चिकटत नाही, रंगाला चिकटते. रंगच भुसभुशीत असेल तर फोटो रंगासकट खाली. एका कोपऱ्यात साधी सेलोटेप लावून ओढून बघा. पांढरी भुकटी आली तर त्या भिंतीचा नाद सोडा. चुन्याच्या आणि साध्या डिस्टेंपरच्या भिंतींवर बहुतेक हेच होतं. ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक इमल्शन असेल तर जागा स्पिरिटने पुसा, पट्टी अर्धा मिनिट दाबून धरा आणि फोटो तासाभराने लावा. नव्याने रंगवलेल्या भिंतीला निदान आठवडाभर थांबा. काढताना शेपूट भिंतीला समांतर, सरळ खाली, सावकाश ओढायचं. स्वतःकडे ओढलं की पोपडा आलाच.

वजन पाकिटावर लिहिलेलं असतं, ते मात्र आपण वाचत नाही. फ्रेम स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. जास्त भरली तर काचेऐवजी ॲक्रिलिक शीट बसवून घ्या, बरीच हलकी होते. आणि काहीही झालं तरी पलंगाच्या किंवा पाळण्याच्या वर चिकटपट्टीवर काही टांगू नका. दहा रुपयांची फोमची डबल टेप मी स्वतः वापरून पस्तावले आहे. ती निघत नाही. निघालीच तर हेअर ड्रायरने गरम करून, मागून शिवणाचा दोरा करवतीसारखा फिरवल्यावर.

त्यापेक्षा घरात आधीपासून काय आहे ते बघा. पडद्याच्या नळीवरून किंवा खिडकीच्या ग्रिलवरून गळाची तंगूस दोरी सोडली की दोन-चार हलक्या फ्रेम सहज लटकतात, दोरी दिसतही नाही. गणपतीत मागचा पडदाही असाच बांधावा, टेप लावू नये. जड फ्रेम सरळ टेबलावर किंवा कपाटावर भिंतीला टेकून उभी करावी. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला फ्रेम चिकटून असली तर मागे ओल धरते, बुरशी येते. खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, हवा खेळती राहते.

पण सासऱ्यांचा तो फोटो सागवानी चौकटीचा, काचेचा. त्यातलं काही बदलायला सासूबाई तयार नाहीत, आणि का व्हावं? तिथे खिळाच हवा. माझं स्पष्ट मत आहे की "एकही खिळा नको" ही अट अवाजवी आहे. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. मग त्यातच लिहून घ्यावं: इतके खिळे चालतील, घर सोडताना भोकं पुट्टीने बुजवून रंगाचा हात देऊ. सही करायच्या आधी विचारायचं. नंतर विचारलं की ते उपकार मागितल्यासारखं होतं.

आणि आपल्यातल्या ज्या स्वतः वरचा मजला भाड्याने देतात, त्यांनाही एक सुचवते. रंगकाम करून घेतानाच प्रत्येक खोलीत दोन पक्के हुक बसवून घ्या. ड्रिल, प्लॅस्टिकची गिट्टी, स्क्रू, सगळं एकदाच. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली मात्र नको, तिथून वायर गेलेली असते. भाडेकरू बदलत राहतील, हुक तेच राहतील. दिवाणखान्यात जुन्यासारखी लाकडी पट्टीच मारलीत तर उत्तम.

परवा बहिणीचा फोन आला. तिने मालकांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "दोनच ना? ठोका की." मेसेजवर तसं लिहूनही दिलं. दोन वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं! दुपारी ड्रिलवाला येऊन गेला, फोटो लागला. सासूबाईंनी हार पुसून घातला आणि ती चादर धुवायला टाकली.