अनियमित म्हणजे बेशिस्त नव्हे

इंग्रजी नामास ‘एस्’ जोडला की अनेकवचन झाले, असे मानणारा विद्यार्थी ‘मेन’, ‘फीट’, ‘ऑक्सन’ पाहून गोंधळतो व घोकंपट्टीस लागतो. आमच्या मते हे अपवाद लहरी नव्हेत. ते प्राचीन इंग्रजीतील नियमांचे अवशेष होत. ‘मॅन-मेन’, ‘फूट-फीट’, ‘टूथ-टीथ’ यांत आतला स्वर पालटतो, ‘ऑक्सन’मध्ये जुना ‘एन्’ टिकला आहे; म्हणून असे शब्द कुळाकुळाने शिकावेत. आपल्या मराठीतही ‘वाट’चे ‘वाटा’, पण ‘भिंत’चे ‘भिंती’ होते. आणि ‘दगड’ तर ‘शीप’प्रमाणे दोन्ही वचनांत सारखाच राहतो. इंग्रजी मातृभाषा असलेली बालकेही आरंभी ‘फूट्स’ म्हणतात. तेव्हा तसे म्हणणाऱ्या सोबत्यास आपण हसू नये. त्याला नियम उमगला आहे, अपवाद तेवढा शिकावयाचा उरला आहे.