जिभेला गाईड कशाला?

“जपानला जाऊन गाईडला पैसे दिलेस? मोबाईलवर सगळं फुकट मिळतं की!” परत आल्यावर हॉस्टेलच्या मेसमध्ये मला मिळालेला पहिला टोमणा हा. खरं सांगायचं तर जाण्याआधी माझंही मत हेच होतं. ते कसं बदललं, तेवढंच इथे मांडणार आहे. (मराठीतल्या चुका माझ्या कॉन्व्हेंटच्या खात्यावर जमा कराव्यात, ही नम्र विनंती!)

विद्यार्थी देवाणघेवाणीच्या दौऱ्यात आम्हा आठ जणांना एक रविवार मोकळा मिळाला. आदल्या संध्याकाळीच नागोयाहून ‘हिदा’ एक्सप्रेसने सुमारे अडीच तासांत आम्ही ताकायामा गाठले. (२०२२ पासून या मार्गावर हायब्रिड गाड्या धावतात. डिझेल इंजिन वीज तयार करते आणि जोडीला बॅटरी. इलेक्ट्रिकलवाल्यांनी नोंद घ्यावी!) चारी बाजूंनी डोंगर, समुद्र लांब, हिवाळ्यात बर्फच बर्फ. जुन्या सान्माची वस्तीत अरुंद गल्ल्या, काळपट लाकडी घरे आणि कडेने वाहणारे पाण्याचे पाट. १९७९ पासून ही वस्ती सरकारी संरक्षणाखाली आहे.

आमच्या गाईड म्हणजे साठी उलटलेल्या एक बाई. आपापसात आम्ही त्यांना ‘आजी’च म्हणायला लागलो. त्यांच्या इंग्लिशमध्ये क्रियापदांचा पत्ता नव्हता आणि मी मनातल्या मनात त्यांचे ग्रामर सुधारत होते. कॉन्व्हेंटची सवय, दुसरं काय!

मियागावा नदीकाठच्या सकाळच्या बाजारात शेतकरी बायका भाजी आणि लाल सलगमाचे लोणचे विकत होत्या. तिथून पुढे एका दुकानाच्या दारावर गवताच्या भल्या मोठ्या चेंडूसारखे काहीतरी टांगलेले दिसले. मी फोटो काढला आणि चालू लागले. आजींनी थांबवले. ती सुगीच्या, म्हणजे जपानी देवदाराच्या, डहाळ्यांची सुगीदामा. हे दुकान ‘साके’ गाळणाऱ्यांचे. नवी साके तयार झाली की हिरवागार गोळा टांगतात. तो जसजसा तपकिरी होतो, तसतशी आतली साके मुरते. आता सांगा, मोबाईलला मी हे विचारलं असतं का? मोबाईल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. इथे प्रश्न आहे हेच मला माहीत नव्हतं!

मग मिताराशी दांगो. तांदळाच्या पिठाचे गोळे काडीला टोचून, सोया सॉस लावून निखाऱ्यावर भाजतात. जपानात इतरत्र हे गोड पाकातले असतात, इथले खारट आणि खमंग. खात खात पुढे निघालो, तर आजींनी पुन्हा अडवले. दुकानापाशी उभं राहून खायचं, काडी तिथेच परत द्यायची. या लाकडी जाळ्यांच्या आड माणसं राहतात, त्यांच्या दारात कचरा आणि आरडाओरडा नको. तेव्हा पटलं, गाईड फक्त आपल्यासाठी नसतो. गावाला आपल्यापासून वाचवायलाही तो लागतो.

आमच्यातली एक मैत्रीण शाकाहारी. जपानात भाजीच्या सूपमध्ये किंवा नूडल्सच्या रश्शातही बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. मेनूवर मासा दिसत नाही, पण वाटीत असतो. आजींनी आदल्या दिवशीच दुकानांत विचारून तिचे पदार्थ ठरवले होते. ती दौऱ्यात पहिल्यांदाच निर्धास्तपणे जेवली. नाहीतर इतके दिवस बिचारी खाकऱ्यावर होती!

शेवटी होबा मिसो. मॅग्नोलियाच्या जातीतल्या झाडाचे वीतभर-दीडवीत लांब वाळके पान छोट्या शेगडीवर ठेवायचे. त्यावर मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची खारट चटणी, कांद्याची पात आणि अळिंबी. पान करपत जाते, चटणी खदखदते आणि तो वास भातात उतरतो. शरद ऋतूत गळलेली पाने वेचून ठेवायची आणि हिवाळाभर वापरायची, ही इथली रीत.

आणि आजींनी विचारले, “तुमच्याकडे? पान, जेवण, काय?” क्रियापद नव्हतंच, पण प्रश्न स्वच्छ कळला. मी ऐटीत सांगितले, “स्टीम्ड राईस केक इन टर्मरिक लीव्हज.” म्हणजे आपल्या पातोळ्या. त्यांचा पुढचा प्रश्न एका शब्दाचा : “व्हाय?” हळदीचंच पान का? श्रावणातच का? माझं बिनचूक इंग्लिश तिथेच संपलं. सांगायला काही असावं लागतं, ग्रामर नंतर.

रात्री कोकणात माझ्या आजीला फोन लावला. ती हसलीच. “अगो, पान पावसात मोठं होतं. श्रावणात नाही मिळायचं तर काय मे महिन्यात?” ताकायामाच्या पानाची आणि आमच्या पानाची गोष्ट एकच निघाली. जे ज्या ऋतूत हाताशी, त्याचा स्वयंपाक. वीस वर्षं पातोळ्या खाल्ल्या, पण हे विचारायला मला जपानला जावं लागलं!

गाईडबरोबर फिरण्यात तोटेही आहेत. घड्याळ त्यांच्या हातात. हिदाचे सुतार इतके नावाजलेले, की आठव्या शतकात कराच्या बदल्यात त्यांना राजधानीत कामाला पाठवत. त्यांच्या कामाची परंपरा सांगणाऱ्या घरांसमोर मला तासभर थांबायचं होतं, मिळाली दहा मिनिटं. शिवाय पैसेही पडतात. तरी माझं मत ठाम आहे : चव घ्यायला जीभ पुरते, पण पदार्थ समजायला त्या मातीतलं माणूस लागतं. त्या माणसाला दिलेले पैसे वाया जात नाहीत.

आणि मित्रहो, गॅदरिंगला बाहेरच्या कॉलेजची मुलं आली की आपण त्यांना थेट मॉलमध्ये नेतो. पुढच्या वेळी गावातल्या जुन्या पेठेत नेऊन बघू या का? फक्त आधी आपापल्या आजीला एक फोन करून ठेवा. कोणीतरी “व्हाय?” विचारणारच!